रातांबा, सामू आणि आगळ

‘फळांच्या अर्काने रक्तवाहिन्या सैल पडतात, हे सोप्या शब्दांत सांगा,’ असा संपादकमहाशयांचा तगादा मी मान्य केला, त्याचे खरे कारण असे की, गेल्या वैशाखात नात्यातील एका निवृत्त मामलेदारसाहेबांनी वृत्तपत्राचे कात्रण पुढे करून, रक्तदाबाची गोळी सोडून आपण दोन्ही वेळा कोकमाचे आगळ घेतो, असे मोठ्या समाधानाने सांगितले, आणि तीस वर्षे याच विषयात घालवूनही मला त्यांना तत्काळ उत्तर देता आले नाही.

आम्ही करतो ते एवढेच: पांढऱ्या उंदराच्या महाधमनीचे तीन-चार मिलिमीटरांचे कडे ३७ अंशांच्या, प्राणवायू खेळवलेल्या क्षारद्रवात दोन आकड्यांमध्ये ताणून ठेवायचे, फेनिलेफ्रिनने ते आवळले की अर्क सोडायचा आणि आलेख उतरतो का ते पाहायचे. या कामातील मोठा धडा १९८० सालचा. वाहिनीचा आतला नाजूक अंतःस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिनने ती सैल पडते, आणि कापताना तो खरवडला गेला की तेच द्रव्य तिला उलट आवळते, हे फर्चगॉट आणि झावाद्झ्की यांनी सशाच्या महाधमनीवर दाखविले. अंतःस्तरातून निघणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध होऊन १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. ब्राझिलच्या आसाई फळाचा उंदरावरील परिणामही अंतःस्तराच्याच आधाराने होतो, असे २००७ साली प्रसिद्ध झाले.

येथवर तक्रार नाही. माझा हट्ट आहे तो सामूविषयी, म्हणजे द्रवाच्या आम्लतेच्या मापाविषयी, आणि त्यापायी विद्यार्थी मला विक्षिप्त समजतात. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाने भरलेली. तिचा अर्क द्रवात पडताच ७.४ चा सामू घसरतो, आणि निव्वळ आम्लतेनेही वाहिनी सैल पडते. शिवाय फळात पोटॅशियम असते, आणि त्याची अल्प वाढही काही वाहिन्यांना सैलावते. म्हणून तितक्याच आंबट, तितक्याच पोटॅशियमच्या, परंतु फळविरहित द्रवाशी तुलना केल्याखेरीज माझ्या दरबारी अर्काचा दावा दाखलच होत नाही. (माझ्या स्वतःच्या एका जुन्या निबंधात सामूची नोंद नाही, हे कबूल केलेले बरे.) शिवाय सालीतील लाल रंगद्रव्ये आतड्यातून फारच थोडी रक्तात उतरतात, आणि उतरतात तीही रूपांतर होऊन; म्हणजे भांड्यातील कड्याला भेटतो तो अर्क देहातील वाहिनीला त्या मात्रेत कधी भेटतच नाही. वृत्तपत्रांना मात्र उंदीर, कडे आणि माणूस यांत अंतर दिसत नाही.

हे सारे मी मामलेदारसाहेबांना दोन तास समजावीत असता, आतून चहा घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘अहो, पण रक्तदाबाच्या माणसाला आगळ चालते का? ते टिकावे म्हणून त्यात मूठ-मूठ मीठ घालतात ना?’’

मी तीस वर्षांत त्या मिठाचा हिशेब केला नव्हता. मामलेदारसाहेब त्याच संध्याकाळी आपल्या डॉक्टरांकडे गेले.