फ्रेम कुठे हरवतात?

गेम खेळताना सगळं अगदी सुरळीत चालतं. मग तुम्ही रेकॉर्डिंगचं बटण दाबता, आणि माउस एकदम जड वाटायला लागतो. तुम्ही उजवीकडे वळता, चित्र जरा उशिराने वळतं. नंतर तयार झालेला व्हिडिओ बघावा, तर त्याला उचक्या लागलेल्या! माणसाला उचकी लागली, की कोणीतरी आठवण काढतंय असं घरी म्हणतात. व्हिडिओला लागली, तर कॉम्प्युटर दमलाय असं समजा.

तो का दमतो, ते आधी बघू. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी किती वेळ मिळतो? एक भागिले साठ, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात गेमचं चित्र तयार व्हायला हवं. रेकॉर्डिंग सुरू असेल, तर त्याच वेळात त्या चित्राची नक्कल घ्यायची, ती दाबून लहान करायची आणि डिस्कवर लिहायची. लहान करणं टाळता येत नाही. १९२० गुणिले १०८० अशा चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. तसंच साठवलं तर एका सेकंदाचे सुमारे ३७० मेगाबाइट होतात, आणि एका मिनिटाचे २२ गिगाबाइट!

स्वयंपाकघरात बघा. एकच माणूस पोळ्या लाटतोय आणि भाजतोय. आता त्यालाच सांगितलं, की प्रत्येक पोळीला तूप लाव, घडी घाल आणि डब्यातही भर. पोळ्या कमी होणारच. फरक एवढाच, की पोळी दोन मिनिटं थांबते, फ्रेम थांबत नाही. तिची वेळ गेली, की ती गेली.

तुम्ही म्हणाल, दोन-चार फ्रेम गेल्या तर काय बिघडलं? पुष्कळदा काहीच नाही. माझं बिघडत होतं, म्हणून मी यात एवढी खोल शिरले.

माझे आजोबा वाईला राहतात आणि आम्ही शारजाला. ज्या वाड्यात ते लहानाचे मोठे झाले, तो काही वर्षांपूर्वी पाडला. आता तिथे चार मजली इमारत आहे. वाड्याचे फक्त तीन फोटो उरलेत, तिन्ही लग्नातले. त्यांत माणसं भरपूर, भिंती कमी. म्हणून मी तो वाडा माइनक्राफ्टमध्ये बांधायला घेतला. दिंडी दरवाजा, देवडी, मधला चौक, चौकाभोवती सोपा, मग माजघर, आणि सगळ्यात मागे परस. नकाशा म्हणजे आजोबांची आठवण. मी थोडं बांधते, वाड्यातून चालत जाते, ते रेकॉर्ड करते आणि त्यांच्या फोनवर पाठवते. ते बघून सांगतात, "अगं, कोनाडा डाव्या हाताला. आणि जिन्याला सात पायऱ्या, आठ नव्हेत."

व्हिडिओ अडखळला, की हे जमत नाही. चौकातून माजघरात वळताना नेमक्या फ्रेम गळायच्या, कारण वळल्यावर एकदम खूप नवीन चित्र तयार करावं लागतं. मग आजोबांचा फोन यायचा, "मधेच उडी का मारलीस गं? माझं दार कुठे गेलं?" ते ८१ वर्षांचे आहेत. व्हिडिओ मागे-पुढे करणं त्यांना जमत नाही, आणि चित्र तुटक आलं तर त्यांना गरगरतं. त्या दाराला कडी होती की अडसर, हे सांगणारं दुसरं कोणी आता नाही.

तर फ्रेम हरवतात कुठे? मी ओबीएस वापरते. तो फुकट मिळतो, आणि त्याच्या डॉक्स मेनूत 'स्टॅट्स' नावाची छोटी खिडकी आहे. ती बघितल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका, हे मी तुम्हाला ठासून सांगते. तिथे दोन आकडे वेगवेगळे दिसतात. एक, रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम. दुसरा, एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम. दोन्हींत व्हिडिओ सारखाच अडखळतो, पण दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

पहिला आकडा वाढत असेल, तर ग्राफिक्स कार्ड गेममध्येच पुरतं गुंतलेलं असतं. ओबीएससाठी त्याला सवडच मिळत नाही. गंमत अशी, की पुष्कळ गेम मोकळे सोडले, तर जमतील तेवढ्या फ्रेम काढत बसतात, सेकंदाला १४०, कधी १८०. तुमच्या व्हिडिओत जाणार ६०. बाकीची मेहनत पाण्यात! म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा.

माइनक्राफ्टमध्ये आणखी एक मोठा उपाय आहे. तो म्हणजे रेंडर डिस्टन्स, किती दूरपर्यंतचं जग दाखवायचं ते. हे जग १६ गुणिले १६ ठोकळ्यांच्या चौरस तुकड्यांत विभागलेलं असतं. अशा तुकड्याला चंक म्हणतात. रेंडर डिस्टन्स १६ ठेवलं, तर तुमच्या प्रत्येक बाजूला १६ चंक आणि मधला तुमचा. ढोबळ हिशेबाने ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चंक. तेच ८ केलं, तर १७ गुणिले १७, म्हणजे फक्त २८९. आकडा निम्मा केला, पण काम जवळजवळ पाव झालं! माजघरात उभं राहून दूरचा डोंगर कोणाला दिसतोय? मी ८ ठेवलं, आणि पहिला आकडा वाढायचा थांबला.

दुसरा आकडा मात्र वाढतच होता. म्हणजे चित्र वेळेवर मिळत होतं, पण ते दाबून लहान करणारा मागे पडत होता. ओबीएसमध्ये त्या कामासाठी 'एक्स२६४' निवडलेलं असेल, तर ते मुख्य प्रोसेसर करतो. माइनक्राफ्टचा भारही बराचसा त्याच्यावरच असतो. पण बहुतेक नव्या कॉम्प्युटरमध्ये फक्त व्हिडिओ दाबण्यासाठी चिपवर वेगळा भाग असतो. एनव्हिडियाच्या कार्डात त्याला एनव्हेंक म्हणतात, इंटेलच्या चिपमध्ये क्विक सिंक. सेटिंगमध्ये आउटपुटखाली तो निवडता येतो. तूप लावायला दुसरा माणूस आला म्हणा ना! तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र कधी कधी किंचित कमी स्वच्छ येतं. मला तो सौदा परवडतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असा भाग नसेल, तर एक्स२६४ राहू द्या आणि त्याचा प्रीसेट आणखी वेगवान निवडा. तेव्हाही सौदा तोच.

आणि खरं सांगू? सगळे ६०च्या मागे धावतात, पण प्रत्येक व्हिडिओला ६० लागत नाहीत. गाड्यांची शर्यत असेल तर लागतात. वाड्यातून सावकाश चालायचं असेल, तर ३० पुरतात, आणि प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ मिळतो. मधे मधे खड्डे पडलेल्या ६०पेक्षा एकसारख्या ३० डोळ्यांना सुखाच्या वाटतात. आजोबांसाठी मी ३०च ठेवते.

बाकी किरकोळ गोष्टी. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. तापला, की चिप स्वतःच आपला वेग कमी करते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात तापायला फार वेळ लागत नाही. चार्जर लावलेला असू द्या. ब्राउझर बंद करा. रेकॉर्डिंग जुन्या पेन ड्राइव्हवर करू नका, ती हळू लिहिते. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा, म्हणजे मधेच कॉम्प्युटर बंद पडला तरी तोपर्यंतचं वाचतं.

परवाचा व्हिडिओ झाला, तेव्हा दोन्ही आकडे शून्य होते. आजोबांनी तो सलग पाहिला आणि लगेच फोन केला. कडीचं विचारलं, तर ती बरोबर होती. पण दार फार उंच झालं होतं. "अगं, त्या दारातून वाकून जावं लागायचं. माझ्या कपाळावर अजून खूण आहे." माइनक्राफ्टमधला माणूस जवळजवळ दोन ठोकळे उंच असतो, आणि दारही दोनच ठोकळे. मी ते दार काढून टाकलं आणि चौकटीच्या वर अर्धा ठोकळा बसवला. आता शिफ्टचं बटण दाबून वाकल्याशिवाय माजघरात जाताच येत नाही.