भूत चालेल, घर हलायला नको

भाची अकरा वर्षांची होणार होती आणि तिने फर्मान काढलं होतं: मैत्रिणी रात्री राहायला येणार, ओटीवर ओळीने गाद्या घालायच्या आणि सगळ्यांनी मिळून भुताचा सिनेमा बघायचा. सिनेमा निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मुंबईत राहणाऱ्या माणसाला सिनेमातलं कळतं अशी दादा-वहिनींची समजूत आहे. बोरिवलीहून डहाणू लोकलने मसोलीला दादाच्या घरी पोचले तेव्हा माझी भुतांशी ओळख रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीपुढे गेलेली नव्हती.

"आत्या, 'तुंबाड' लाव ना. सगळ्यांनी पाहिलाय."

सगळ्यांनी म्हणजे कोणी, ते कळलं नाही. २०१८च्या 'तुंबाड'ला 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे अठराच्या पुढच्यांसाठी. वाद तिथेच मिटला. मग 'मुंज्या' पुढे आला. आदित्य सरपोतदारांचा, २०२४चा, 'यूए'. तो मी भरदुपारी, दार सताड उघडं ठेवून एकटीने पाहिला. पुष्कळ ठिकाणी हसले. पण सुरुवातीलाच एक पोरगा स्वतःच्या बहिणीला बळी द्यायला नेतो, ते मला झेपलं नाही. शिवाय दादाच्या कुंपणाला लागूनच पिंपळ आहे. पडद्यावरचं भूत पिंपळावर आणि ओटीसमोरही पिंपळ, म्हणजे रात्रभर बाथरूमपर्यंत सोबत द्यायला मीच.

खरी गोची त्या 'यूए'ने केली. जुना नियम असा, की बारा वर्षांखालच्या मुलांनी असा सिनेमा पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. आता २०२४च्या नियमांनी त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग केलेत. पण जुन्या सिनेमांवर नुसतंच 'यूए'. अमेरिकेतही १९८४ साली 'ग्रेमलिन्स'सारखे सिनेमे बघून मुलं घाबरली, पालक चिडले आणि तेरा वर्षांची नवी पायरी काढावी लागली. ते सगळं ठीक. पण पालकांचं मार्गदर्शन म्हणजे नेमकं कोणत्या पालकांचं? पोरी पाच घरांतल्या, त्यांचे आईबाप आपापल्या घरी झोपणार आणि मार्गदर्शन करणार मी, जिला मांजर आडवं गेलं तरी दचकायला होतं.

म्हणून एकेका आईला फोन लावला. एक म्हणाली, "काहीही दाखवा ताई, ती घाबरत नाही." (ही मुलगी सगळ्यात आधी पांघरुणात शिरणार, एवढं मला तेव्हाच कळलं.) दुसरीला रक्त नको होतं. तिसरीला बाहुली नको होती, कारण धाकटी बहीण बाहुली घेऊन झोपते. तलासरीकडच्या आईने मात्र थोडा विचार केला. "भूत चालेल हो ताई. पण घर हलायला नको."

२०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. तलासरीची ही मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची. जमिनीतून गडगड आवाज यायचा, लगेच फळीवरची भांडी वाजायची. भुताच्या सिनेमात भूत यायच्या आधी जो खर्जातला घुमारा लावतात, तो तिला अगदी तसाच वाटतो. पुढचं भूत तिला चालतं, आधीचा आवाज चालत नाही.

'मॉन्स्टर हाउस' मी जवळजवळ पक्का केला होता. २००६चा, कार्टूनचा, लहान मुलांसाठी वाखाणलेला. त्यात अख्खं घर पायापासून उपटून निघतं आणि मुलांच्या मागे लागतं. तो यादीतून गेला. दादाचा जाडजूड साउंडबारही मी बंद करून टाकला. टीव्हीचा स्वतःचा फाटका आवाज पुरे.

शेवटी विशाल भारद्वाजांचा 'मकडी' ठरला, २००२चा. शबाना आझमींची चेटकीण भयंकर आहे, नायिकेच्या जुळ्या बहिणीची कोंबडी झाली असं समजून पोरी कासावीस होतात, आणि शेवटी त्या हवेलीचं सोंग उघडं पडतं. मला नेमकं तेच हवं होतं: सिनेमा संपताना भुताचा हिशेबही संपायला हवा, उधारी घरी न्यायची नाही.

पण 'मकडी' संपला तरी पोरी साडेदहाला टक्क जाग्या. "आता खरं भूत!" बाहुली नको म्हणणाऱ्या आईला पुन्हा फोन केला. बाहुली नाही, बाहुला आहे, महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आहे, १९९३चा, असं सांगितलं. ती हसायलाच लागली. "तात्या विंचू? अहो, लावा की! तो आम्हीच लहानपणी पाहिलाय." रामदास पाध्येंनी केलेला तो बाहुला डोळे गरगरा फिरवायला लागला तेव्हा दोघी किंचाळल्या, एक पांघरुणात गेली (तीच), आणि लक्ष्मीकांत बेर्डे घाबरायला लागल्यावर सगळ्या गडाबडा लोळल्या. मध्येच वाडीतली वटवाघळं चिकूवर फडफडली. त्याने फक्त मी उठून बसले.

सकाळी तलासरीहून फोन. "ताई, घरी येते म्हणाली ती, पण दुसरा भाग बघून. आहे का दुसरा भाग?"

आहे, २०१३चा. म्हटलं, आधी मी एकटीने बघते, दुपारी.