रतनवाडीची सहल आणि लाल शाईची एक रेघ



'माझी सहल' हा निबंध तुम्ही एकदा तरी लिहिला असेलच. खरं सांगा, सुरुवात कशी केली होती? 'आम्ही पहाटे लवकर उठलो. सर्वांना खूप आनंद झाला होता.' मध्ये कुठेतरी धरतीने हिरवा शालू नेसला असेल आणि शेवटी 'ही सहल मी कधीही विसरणार नाही' असं लिहून तुम्ही वही मिटली असेल. तुम्हाला हसत नाहीये हं! फळ्यावर हीच वाक्यं मी स्वतः कितीतरी वर्षं लिहून दिली आहेत.

आज मी माझ्याच एका सहलीबद्दल लिहिते आहे. शाळेची सहल नव्हे, घरची. मी, माझे मिस्टर, पाचवीत शिकणारी आमची लेक आणि सासूबाई, असे चौघंच होतो. एका दिवसात आम्ही धबधबा पाहिला, धरण पाहिलं, हजार वर्षांचं देऊळ पाहिलं आणि भाताच्या चिखलात उभं राहूनही आलो. आणि या सहलीत मला माझीच एक जुनी चूक सापडली. ती पुढे सांगते.

जुलै महिन्यातला रविवार होता. आमचं घर संगमनेर तालुक्यात. सकाळी सहालाच गाडी काढली. अकोले मागे पडलं तसे ढग खाली आले. राजूरच्या पुढे तर गाडीचे दिवे लावावे लागले. हा सगळा भाग आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचा. अकोले तालुक्यातलं देवगाव हे त्यांचं गाव. इंग्रज सरकार आणि सावकार यांच्याविरुद्ध त्यांनी बंड उभारलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एवढंसंच का आहे?" काही प्रश्नांना बाईंकडेही उत्तर नसतं.

पहिला थांबा रंधा धबधबा. प्रवरा नदी इथे खोल घळीत उडी घेते. पावसाळ्यात पाणी दुधासारखं नसतं बरं का, चहासारखं तांबूस असतं, कारण डोंगराची माती सोबत येते. जवळच घोरपडा देवीचं मंदिर आहे. देवीला नमस्कार करून आम्ही भंडारदऱ्याच्या धरणाकडे निघालो.

भंडारदरा धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. धरण दगडी बांधणीचं आहे आणि त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावतं. भिंतीकडे बघून सासूबाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे आपल्या उसाला येतं ते पाणी हेच!" बरोबर होतं त्यांचं. इथून सोडलेलं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत जातं. आम्ही रोज ज्या पाण्यावर जगतो ते कुठून येतं, हे सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. मीसुद्धा भूगोलाच्या तासाला नकाशावरच दाखवत आले होते.

शेंडी गावातून जलाशयाच्या कडेकडेने मुतखेल, कोलटेंभे अशी गावं घेत रस्ता रतनवाडीला जातो. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याची गंमत बघा. पलीकडच्या टोकाला कर्जत-जामखेडला लोक पावसाची वाट बघत बसतात आणि इकडे घाटघर-रतनवाडीला पाऊस थांबायची वाट बघतात! दर वळणावर कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळत होत्या. लेकीने मोजायला सुरुवात केली आणि सत्तावीसला सोडून दिलं.

रतनवाडी हे रतनगडाच्या पायथ्याचं छोटंसं गाव. प्रवरेचा उगम याच डोंगरात आहे. इथून निघालेली ही नदी पुढे नेवाशाला पोहोचते, जिथे ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली, आणि मग गोदावरीला मिळते. नदीच्या अगदी उगमाजवळ उभं आहे अमृतेश्वराचं मंदिर. शिलाहार राजा झंझ याने ते बांधलं असं सांगतात. मंदिर साधारण हजार वर्षांपूर्वीचं आहे आणि आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

काळ्या दगडाचं हे मंदिर पावसात भिजलं की आणखी काळं दिसतं. त्याच्या शिखराची बांधणी भूमिज पद्धतीची आहे. म्हणजे काय, ते सोपं करून सांगते. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध खालून वर जाणारा एक नक्षीदार पट्टा असतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत त्याच शिखराच्या छोट्या छोट्या प्रतिकृती ओळीने रचलेल्या असतात. वर जावं तशा त्या लहान होत जातात. मोठ्या शिखराच्या अंगावर कितीतरी छोटी शिखरं! बाहेरच्या बाजूला एक सुंदर पुष्करणीही आहे. चारी बाजूंनी दगडी भिंती, भिंतींत देवळ्या आणि देवळ्यांत मूर्ती. लेक पायऱ्यांवर बसून देवळ्या मोजू लागली, मी मंदिरात शिरले.

आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर थबकले. आत पाणी भरलेलं होतं. पिंडी दिसतच नव्हती. समईच्या उजेडात फक्त काळं, स्थिर पाणी आणि त्यावर तरंगणारी दोन-चार फुलं. शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "पावसाळ्यात देव पाण्यातच असतो, बाई. नवीन काही नाही."

मित्रांनो, हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. एका वहीत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. त्याचे आईवडील अकोल्याच्या डोंगराकडून आमच्याकडे कांद्याच्या आणि उसाच्या कामाला आलेले. मुलगा अबोल. जुलैमध्ये तो बारा दिवस गैरहजर राहिला. हजेरीपत्रकावर मी बारा वेळा 'गै' लिहिलं. ऑगस्टमध्ये वर्गाला 'माझी सहल' हा निबंध दिला, तेव्हा त्याने लिहिलं होतं की आम्ही जीपच्या टपावर बसून गावी आवणीला गेलो. चिखलात खेकडे धरले. आजीने रोपं उपटली, मी मुठी बांधल्या. आणि शेवटी एक ओळ होती : 'आमच्या देवळात देव पाण्यात बसतो.'

त्या ओळीखाली मी लाल शाईने रेघ मारली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'विषय सोडून लिहिले आहे.' दहापैकी तीन गुण.

तो काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांनी दाखला काढला. ते कुटुंब दुसरीकडे कामाला गेलं.

गाभाऱ्यासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मिस्टरांनी हाक मारली तेव्हा भानावर आले. त्यांना काही सांगितलं नाही. देवाला हात जोडले, पण मनात नमस्कार नव्हताच. मनात ती वही होती.

बाहेर आले तर सासूबाई जागेवर नाहीत. बघते तर काय, त्या समोरच्या खाचराच्या बांधावर बसून बायकांशी गप्पा मारत होत्या. आवणी चालू होती. सात-आठ बायका आणि तीन-चार पुरुष ओळीने वाकून, मागे मागे सरकत रोपं लावत होते. कोणाच्या पाठीवर इरलं, कोणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद.

"हे सगळे एका घरचे आहेत का हो?" लेकीने विचारलं.

"नाही गं बाय, सावड आहे," एक मावशी म्हणाल्या. "आज आमच्यात, उद्या ह्यांच्यात. पैसा द्यायचा नाही, हात द्यायचा."

मग त्या मावशींनी आम्हाला भाताचा सगळा धडा शिकवला. उन्हाळ्यात एका तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जाळायचं. याला राब भाजणं म्हणतात. त्याने तणाचं बी जळतं आणि राखेचं खत होतं. पाऊस पडला की तिथे दाट पेरायचं. साधारण तीन आठवड्यांत रोपं तयार होतात. ती उपटून मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायच्या.

मी विचारलं, "आणि आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर?"

"रोप म्हातारं होतं, बाई. मग त्याला फुटवा येत नाही. आवणी कोणासाठी थांबत नाही. पोरं कामाला लांब गेलेली असली तरी येतात धावत."

बारा 'गै' माझ्या डोळ्यांसमोर आले.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि खाचरात उतरले. पोटऱ्यांपर्यंत चिखल! मावशींनी हातात मूठ दिली. दोन-तीन रोपं घ्यायची, बोटांनी चिखलात रोवायची, वीतभर अंतर सोडायचं, मागे सरकायचं. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागली. माझी ओळ वाकडी झाली. मावशी हसल्या आणि माझी चार रोपं पुन्हा सरळ लावत म्हणाल्या, "पहिल्यांदा असंच होतं." माझ्या वाकड्या ओळीवर त्यांनी लाल रेघ मारली नाही!

दुपारी गावातच एका घरी जेवलो. तांदळाची गरम भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि पांढराशुभ्र भात. त्या घरी भाताबरोबर नागली आणि वरईही पिकते. पण शेती सगळी पावसावरची, एकाच पिकाची. भात घरात आला की बरीच माणसं कामासाठी खाली बागायती भागात जातात. म्हणजे कुठे? तर ज्या भागात भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने जातं, तिकडेच. पाणी आधी खाली जातं आणि त्यामागून माणसं जातात. सकाळी धरणाच्या भिंतीवर मला जे दिसलं नव्हतं, ते जेवताना दिसलं.

निघताना मी मावशींना त्या मुलाचं आडनाव सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, "या नावाची घरं दहा गावांत आहेत, बाई. कुठं शोधणार?" खरंच होतं ते. त्याची माफी मागायची राहून गेली आहे.

पण एक गोष्ट मी बदलली. आता जुलैमध्ये आवणीला गेलेली मुलं परत आली की पहिल्या दिवशी मराठीचा तास त्यांचा असतो. काय पाहिलं, काय केलं, ते वर्गाला सांगायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी एका मुलीने खडूने फळ्यावर इरल्याचं चित्र काढलं आणि ते कसं विणतात ते सांगितलं. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. आणि मुलांच्या वहीत मला अनोळखी असं काही वाक्य दिसलं, तर रेघ मारण्याआधी मी विचारते, "हे कसं असतं रे? सांग ना."

म्हणून मित्रांनो, सहलीचा निबंध लिहाल तेव्हा हिरव्या शालूची घाई करू नका. तो हिरवा रंग कोणीतरी कंबर मोडून एकेक रोप लावून आणलेला असतो. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली एक तरी गोष्ट निबंधात असू द्या. गावी जाणं, शेतावर जाणं, मामाकडे आवणीला, कांदे काढायला जाणं हीसुद्धा सहलच आहे. तुमच्या बाईंना किंवा सरांना ती गोष्ट माहीत नसेल, तर त्यांनाही काहीतरी शिकायला मिळेल.

करून पाहा :
१. तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या मंदिराचं निरीक्षण करा आणि त्यावर पाच वाक्यं लिहा. एकही वाक्य पुस्तकातलं नको.
२. तुमच्या घरी येणारं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या धरणाचं किंवा विहिरीचं आहे, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.
३. राब, आवणी, खाचर, सावड, इरलं हे शब्द वापरून वाक्यं तयार करा. तुमच्या भागात यांना वेगळे शब्द असतील तर तेही लिहा.

आणि हो, आमच्या लेकीने त्या रात्री 'माझी सहल' लिहिला. पहिलं वाक्य होतं : 'आईची ओळ वाकडी झाली.' मी दहापैकी दहा दिले.