धुराच्या नळीची मुंबईवारी

गिरगावच्या चाळीत कुणी नवे स्टूल आणले तरी चार बिऱ्हाडे चौकशीला येतात. मग आमच्या पुतण्याने अंगणात मोटारीचे झाकण उघडून तिचे धुराडेच बदलायला घेतले, तेव्हा तिन्ही मजल्यांचे कठडे भरून गेले यात नवल ते काय! तळमजल्यावरच्या काकांनी तर खुर्ची आणून टाकली. नाटक रंगणार याविषयी त्यांना शंका नव्हती.

मोटार आमच्या थोरल्या बंधूंची. प्रीमियर पद्मिनी; वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. याच घराण्यातल्या जुन्या गुबगुबीत फियाटला मुंबईकर प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पद्मिनी ही तिची धाकटी, जरा सडपातळ बहीण. टॅक्सी होऊन तिने निम्म्या मुंबईला स्टेशनावर पोचवले आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. खासगी पद्मिन्या मात्र कुठे कुठे अजून जीव धरून आहेत. त्यांतलीच ही. बंधू गेले, गाडी राहिली.

पुतण्याला वेड अमेरिकेतल्या ‘मसल कार’चे. म्हणजे दंड थोपटणाऱ्या मोटारी. १९६४ साली तिकडे पाँटियाक जीटीओ निघाली. तिचे इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६४०० सीसी. आमच्या पद्मिनीचे १०८९! तिकडची मुले घरच्या अंगणात गाडीला ‘हेडर’ बसवतात, मग आपण का नाही, हा त्याचा सवाल. आम्हाला हेडर म्हणजे काय तेही ठाऊक नव्हते. त्याने समजावले ते असे.

इंजिनातला जळका धूर प्रथम एका ओतीव लोखंडाच्या तुकड्यात शिरतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या आखूड पोटात सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र घुसतो आणि सकाळी नवाच्या सुमारास दादरच्या पुलावर दोन गाड्यांची माणसे समोरासमोर यावीत तशी धक्काबुक्की होते. हेडरमध्ये धुराला लांब, वेगवेगळ्या नळ्या मिळतात. एक झोत वेगाने निघून गेला की त्याच्यामागे किंचित पोकळी राहते आणि ती पुढच्या झोताला ओढून घेते. नळ्यांच्या लांबीचा हिशेब जमला तर इंजिनाचा श्वास मोकळा होतो. इटलीत तुरीनच्या कार्लो अबार्थने १९५० च्या आसपास फियाट गाड्यांसाठी अशा धुराड्यांचा धंदा काढला आणि त्यावर मोठे नाव कमावले. म्हणजे आमच्या पद्मिनीला हा दागिना माहेरकडूनच ओळखीचा!

वहिनींनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच अट घातली. “काय ते करा, पण गाडीचा आवाज बदलायचा नाही.”

पुतण्या गप्प झाला. त्याला तर आवाजच हवा होता. पण वहिनी दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाक करता करता, गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आवाजावरून ओळखत आणि चहाचे आधण ठेवत. चाळीस वर्षांची सवय. त्यापुढे पाँटियाकचे काय चालणार?

शनिवारी आम्ही दोघे निघालो. प्रथम चालत ऑपेरा हाऊस. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानांतून गॅसकेट, नट आणि नवे स्टड मिळाले. हेडर मात्र कुणाकडे नव्हता. “बनवून घ्या,” एवढेच उत्तर. मग चोरबाजारातली मटन स्ट्रीट. जुने दिवे, ग्रामोफोनचे कर्णे, मोटारींची चाके; गेलेल्या श्रीमंतीचा तो जणू सांगाडाच. पुतण्याने अर्धा तास घासाघीस करून एक जुना मॅनिफोल्ड घेतला, तो फक्त मापासाठी. तो पिशवीत घालून भायखळ्यावरून बेस्टच्या बसने लालबागला उतरलो, तेव्हा मिरच्या कुटण्याच्या खमंग ठसक्याने दोघांच्याही डोळ्यांना पाणी आले.

लालबागच्या एका बोळात नळ्या वाकवून सायलेन्सर बनवणारे फिटरकाका भेटले. मूळचे साताऱ्याकडचे. वयाच्या विशीत गिरणीत लागले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्यांच्या गिरणीपुरता कधी संपलाच नाही. वाफेच्या नळांचे सांधे करणारा हात मग मोटारीच्या नळ्यांकडे वळला. पुतण्याने भीत भीत विचारले, “काका, जरा दमदार आवाज नाही का करता येणार?”

“बाळा, आवाज म्हंजी ताकद न्हवं,” काका मापाची पट्टी न उचलताच म्हणाले. “गिरणीत वाफ फुसफुसाया लागली, की कुठंतरी गळतंय असं समजायचं. आन् सायलेन्सर मी काढणार न्हाई. त्यो कायद्यानं लावावाच लागतो.”

ते खरेच आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक मोटारीला सायलेन्सर हवाच. नळ्या बदलल्या तरी मागची पेटी जुनीच ठेवायची असे ठरले आणि आमचा जीव भांड्यात पडला.

नळ्या तयार होईपर्यंत काकांनी आम्हाला शिवडीकडे बोट दाखवले. “तुमची अमेरिका तिकडं हुती.” आणि ती होतीच! १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. बोटीने आलेले सुटे भाग जोडून तिथे शेव्हरोलेट उभ्या राहत. १९५४ साली तो बंद झाला. पाँटियाकचा तो पैलवान जन्माला येण्याच्या दहा वर्षे आधी. पुतण्या बराच वेळ त्या दिशेला बघत राहिला. परळच्या माणसांनी एके काळी अमेरिकन मोटारी जोडल्या, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

रविवारी काका स्वतः गिरगावात आले. दोन दिवस आधीपासून पुतण्याने गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवले होते. गाडी जॅकवर चढवून खाली भक्कम ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायला काकांची सक्त मनाई. सगळे नट निघाले आणि शेवटच्याला ‘कट्’ असा आवाज झाला. स्टड आतच तुटला. कठड्यावरून एक सामुदायिक ‘अरेरे’ आला.

आता इंजिनाचे डोकेच उतरवावे लागणार असे आम्हाला वाटले. काकांनी बॅटरीच्या तारा सोडवल्या, वाळूची बादली जवळ ठेवली आणि तुटक्या टोकावर एक नट वेल्डिंगने चिकटवला. तापलेला लोखंडी खुंट थोडा निवू दिला, मग पाना लावून पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे. दहा मिनिटे कुणी बोलले नाही. स्टड बाहेर आला तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मधेच पावसाची सर आली. कुणी म्हणाले, गाडी बंद शेडमध्ये ढकला आणि तिथेच चालू करून बघा. फिटरकाका एकदम कडाडले. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. बंद जागेत माणूस झोपतो तो उठतच नाही. मग छत्र्या धरून सारे उभे राहिले. गॅसकेट बसवून नट मधून सुरुवात करून कडेकडे आवळत नेले, आणि इंजिन एकदा तापवून, निववून पुन्हा आवळले.

संध्याकाळी चाचणीला निघालो. लालबागला काकांना सोडले. परळला के. ई. एम., टाटा, वाडिया अशी इस्पितळे एकमेकांच्या शेजारी. इस्पितळाभोवती शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र, असा २०१७ पर्यंतचा नियम. पुढे शिवाजी पार्क, तेही २०१० साली उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवलेले. आमची गाडी कुणाची मान न वळवता सगळीकडून गेली. पुतण्या म्हणाला, चढावर जरा हलकी ओढते. आम्हाला फरक कळला नाही, पण तसे आम्ही म्हणालो नाही.

गल्लीच्या तोंडाशी वळलो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर वहिनी होत्या. वर गेलो तेव्हा आधण उकळत होते.

“ओळखलंत?” पुतण्याने विचारले.

“ओळखलं. पण खोकला गेलाय रे तिचा.” एवढे बोलून त्या कपबशा काढायला वळल्या.

जुना मॅनिफोल्ड टाकायला त्या तयार नाहीत. यंदा वाळवणाच्या चादरीचा एक कोपरा त्याच्याखाली होता.