बोटाला कळतं ते पाठीला का कळत नाही?

ज्ञानेंद्रियांच्या पाठात आपण डोळ्याची आकृती काढतो, कानाची काढतो आणि त्वचेला एका ओळीत उरकतो: 'त्वचेमुळे स्पर्श समजतो.' खरं तर समजतं ते मेंदूला. त्वचा फक्त निरोप पाठवते.

हे मुलांना पटवायला केसांची यू-पिन पुरते. तिची टोकं ३-४ मिलिमीटर अंतरावर आणून, डोळे मिटलेल्या मुलाच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. "बाई, दोन!" आता टोकं २ सेंटिमीटर फाकवून पाठीवर टेकवा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "एक." बघणारी पोरं खो-खो हसतात.

बोटांच्या टोकांशी स्पर्श टिपणारे चेतातंतू दाट असतात, पाठीवर विरळ. निरोप मेरुरज्जूतून वर जातो, वाटेत बाजू बदलतो, म्हणजे उजव्या हाताचा मेंदूच्या डाव्या भागात पोचतो. वाइल्डर पेनफिल्ड या कॅनडातल्या शल्यविशारदाने जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला शस्त्रक्रियेच्या वेळी सौम्य विद्युतप्रवाह देऊन या भागाचा नकाशाच तयार केला. त्यात ओठ आणि बोटं ऐसपैस बसलेली, अख्खी पाठ मात्र कोपऱ्यात!

पण निरोप निघालाच नाही तर? आपल्या पनवेलजवळ, नेऱ्याला, कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असं अजूनही सुशिक्षित माणसं बोलतात. तसं नसतं. जंतू त्वचेतल्या चेतातंतूंना इजा करतात. मेंदू शाबूत असतो, पण त्याला खबरच लागत नाही. तापलेलं भांडं हातात तसंच राहतं, चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो. जखमा चिघळतात आणि त्यातून बोटं खराब होतात. दुखणं किती उपयोगाचं असतं, ते इथे कळतं.

म्हणून एक विनंती. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. औषधं मोफत मिळतात, आजार पूर्ण बरा होतो. मात्र बधिरपणा जुना झाला तर गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, त्यामुळे उशीर नको. शेजारी बसल्याने, हात लावल्याने काही होत नाही, तेव्हा त्या मुलाचा बाकही बदलू नका. आणि वर्गासमोर चट्ट्याचा विषय काढू नका. आईवडिलांना बोलावून शांतपणे सांगा.