मातृझाडाचं वय

आमच्या गंगाखेडात पाइन नाही, देवदार नाही. त्यांच्या गोतातली दारोदारी दिसते ती मोरपंखी. तिच्याच काड्या लावत मी रोपवाटिकेचं काम शिकलो आणि शिकवलं ते एका म्हाताऱ्या माळीमामांनी. आज माझी चूल पेटते ती त्यांच्या पुण्याईनं.

कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं, झाड जितकं जुनं आणि भरदार, तितकी त्याची काडी कसदार. मामा म्हणाले, "बाळा, मुळ्या म्हाताऱ्याकडं मागू नको, पोराकडं माग." बियांपासून केलेल्या कोवळ्या रोपाची बाजूची डहाळी ते बोटांनी खाली ओढून काढायचे. तिच्या बुडाला जुन्या सालीची बारीक टाच राहायची. खालचा पाला खुडून ती ओल्या वाळूत खोवायची आणि मग उपटून बघायचं नाही. मोरपंखी मुळ्या धरायला महिने घेते. उतावळा होतो मी. धीर त्यांनी दिला.

पुस्तकं हाती घेतली तीही त्यांच्यामुळंच. गार्डनर या अमेरिकी संशोधकानं १९२९ साली हेच मांडलं होतं: वर्षभराच्या रोपांच्या काड्यांना मुळ्या सहज फुटतात, झाडाचं वय वाढतं तसं ते अवघड होत जातं. प्रौढ झाडाची काडी संजीवकालाही पूर्वीसारखी दाद देत नाही. आयबीए हे मुळ्या फुटायला लावायचं संजीवक, पण ते लावूनसुद्धा काम अडतं.

पण मामांचं खरं देणं पुढचं. एका वाड्यातली जुनी मोरपंखी काढायची होती आणि घरच्यांना अगदी तशाच आकाराचं रोप हवं होतं. बियांतून तसंच येईल याची खात्री नसते. म्हणून काड्याच लावायच्या होत्या. शेंड्याच्या काड्या काढायला मी शिडी आणायला निघालो. मामा बुंध्याशी उकिडवे बसले आणि जमिनीलगतच्या हिरव्या डहाळ्या चाचपू लागले. वर्षं मोजली तर बुंधा सगळ्यात जुना, पण झाडाचं कोवळेपण तिथंच टिकतं. प्रौढपण शेंड्याकडं असतं. त्या डहाळ्यांतल्या काही लागल्या. झाडाकडं बघायची माझी नजर त्या दिवशी बदलली.

न्यूझीलंडात रेडिएटा पाइनची मातृझाडं, म्हणजे ज्यांच्या काड्या घेतात ती झाडं, छाटून कुंपणासारखी बुटकी ठेवतात, ती याचसाठी. छाटणीनं म्हातारपण लांबतं, टळत नाही. म्हणून काही वर्षांनी तीही बदलावी लागतात. माझ्याकडं मातृझाडांची रांग गुडघ्याएवढीच असते. ती कधी बदलायची, हे मी मामांच्या रीतीनं ठरवतो: काड्या आधीसारख्या लागेनाशा झाल्या की झाड कितीही हिरवंगार दिसो, त्या पावसाळ्यात नवी रांग धरायची.