मटकीला मोड येतात तेव्हा

गेल्या आठवड्यात एक काका दवाखान्यात आले. वय ६३. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू होऊन गेलेला. "डॉक्टर, ताप गेला, प्लेटलेट वर आल्या, पण अंगात ताकद म्हणून नाही. एक जिना चढलो की बसावं लागतं." एवढं सांगून त्यांनी पिशवीतून एक चकचकीत डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मुलाने ऑनलाइन मागवलेली पावडर, किंमत साडेतीन हजार. डब्यावर लिहिलं होतं की ही पावडर पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया वाढवते. "हे घेऊ का? की तुम्ही एखादी ताकदीची सलाईन लावता?"

मला हसू आलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी जवळजवळ हीच चूक मी स्वतःच्या घरात केली होती. काकांना जे थोडक्यात सांगितलं, ते आज इथे सविस्तर लिहितो. त्यासाठी मला आधी माझ्या आईबद्दल आणि मग मटकीबद्दल सांगावं लागेल.

आई तेव्हा ७८ वर्षांची होती. न्यूमोनिया झाला, नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये राहून घरी आली. मी एमडी मेडिसिन, पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस. तरीही कुठलाही घाबरलेला मुलगा करतो तेच मी केलं. "आई, तू अजिबात उठायचं नाहीस, सगळं हातात मिळेल." चहा पलंगावर, जेवण पलंगावर. शिवाय प्रोटीन पावडर, टॉनिक, सुका मेवा. असे सहा आठवडे गेले. त्यानंतर हाताचा आधार न घेता तिला खुर्चीतून उठता येईना. रिपोर्ट सगळे नॉर्मल. टॉनिक बदलावं का, या विचारात मी होतो. तेवढ्यात तिला तपासायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं, "सर, यांना झोपवून कुणी ठेवलंय?"

मला राग आला. उत्तर मात्र देता आलं नाही.

त्याच आठवड्यात आईला मटकीची उसळ खावीशी वाटली. मी मोठ्या हौसेने मटकी भिजत घातली आणि पाण्यासकट डब्याला घट्ट झाकण लावून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर वर फेस, आंबूस वास, आणि मोड एकही नाही. आई पलंगावरूनच म्हणाली, "अरे, बुडवून ठेवल्यावर मोड कसे येतील? रात्रभर भिजली की पाणी उपसायचं, फडक्यात बांधायचं. तिला हवा लागली पाहिजे."

त्या रात्री मी वनस्पतीशास्त्राचं वाचन सुरू केलं. एमबीबीएसला आम्ही मायटोकॉन्ड्रिया शिकतो ते माणसाचे. झाडांच्या मायटोकॉन्ड्रियाकडे मी बारावीनंतर पाहिलंच नव्हतं.

झाडांना यांची गरज काय?

मायटोकॉन्ड्रिया हे पेशीच्या आतले अगदी बारीक भाग. साखरेसारखं अन्न प्राणवायूच्या मदतीने जाळून ते एटीपी नावाचं इंधन तयार करतात. पेशीची बहुतेक कामं या इंधनावर चालतात. अनेकांना वाटतं की झाडं उन्हावर जगतात, त्यांना याची काय गरज? उन्हात पानं साखर तयार करतात हे खरं. पण ती साखर वापरायची तर चूल पेटवावी लागतेच. मातीखालच्या मुळांना ऊन मिळत नाही, रात्री पानांनाही मिळत नाही, आणि फडक्यात बांधलेल्या मटकीला तर मुळीच नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. पेशी मायटोकॉन्ड्रिया कोऱ्या सामानातून तयार करू शकत नाही. असलेले वाढतात आणि त्यांचे दोन होतात. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे. यांचे पूर्वज दीड अब्ज वर्षांहून आधी स्वतंत्र जगणारे जिवाणू होते, ते दुसऱ्या पेशीत राहायला आले आणि तिथेच रमले, असं आज मानलं जातं. म्हणून आजही त्यांच्याजवळ स्वतःचा थोडासा डीएनए असतो. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात ३७ जनुकं आहेत आणि त्यांतली फक्त १३ प्रथिनं बनवतात. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत पोहोचवली जातात. झाडांतही व्यवस्था अशीच आहे. म्हणजे एकच यंत्र, पण त्याचे सुटे भाग दोन ठिकाणी बनतात. दोघांचा मेळ बसला तरच यंत्र उभं राहतं.

कोरड्या दाण्यात काय असतं?

कोरड्या दाण्यात मायटोकॉन्ड्रिया असतात, पण अर्धवट. आतल्या ज्या पडद्यावर इंधन तयार होतं, त्याच्या घड्या पुरत्या झालेल्या नसतात. दाणा भिजला की हे अर्धवट मायटोकॉन्ड्रिया जागे होतात आणि श्वसन सुरू होतं. मग केंद्रकाकडून प्रथिनांचा पुरवठा वाढतो, पडद्याच्या घड्या भरतात, आणि दिवस-दोन दिवसांत ते पूर्ण कामाचे होतात. तुम्हाला पांढरा मोड दिसतो तो या तयारीच्या जोरावर वाढलेला असतो.

आईच्या "हवा लागली पाहिजे" या वाक्याचा पुरावा भाताने दिला. भाताचं बी प्राणवायू नसलेल्या पाण्यातही रुजायला लागतं, हे त्याचं वैशिष्ट्य. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की प्राणवायू नसेल तर त्याचे मायटोकॉन्ड्रिया अर्धवटच राहतात. हवा मिळाल्यावर त्यांची पुढची बांधणी सुरू होते. पाणी आहे, दाण्यात अन्नाचा साठा आहे, तरी हवेशिवाय चूल पुरी होत नाही. मटकीला तर भाताइतकीही सोय नाही, ती कुजते. डब्यात मी तिला तेच केलं होतं.

किती बनवायचे, हे कोण ठरवतं?

केंद्रकात मायटोकॉन्ड्रियासाठी लागणारी जनुकं वेगवेगळ्या जागी विखुरलेली असतात. पण झाडांमध्ये त्यांतल्या अनेकांच्या पुढे डीएनएचा एकच छोटा शब्द लिहिलेला आढळतो. टीसीपी नावाच्या गटातली प्रथिनं त्या शब्दावर येऊन बसतात आणि अशी कितीतरी जनुकं जोडीने चालू होतात. जिथे वाढ जोरात चालू असते, तिथे ही हाक जोरात असते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण फुलात दिसतं. मक्याच्या परागकोशात परागकण तयार होताना त्यांना पोसणारं एक अस्तर असतं. तिथल्या एकेका पेशीत मायटोकॉन्ड्रियांची संख्या सुमारे ४० पट होते, असं १९७० च्या दशकात मोजलं गेलं. काम संपलं की ते अस्तरही विरून जातं.

दोन ठिकाणच्या भागांचा मेळ बसला नाही तर काय होतं, हे आपल्या ज्वारीने दाखवलं. १९५४ साली अमेरिकेत मिलो जातीच्या ज्वारीच्या पेशीद्रवात, म्हणजे तिच्या मायटोकॉन्ड्रियासह, काफिर जातीचं केंद्रक आणलं गेलं. झाड धडधाकट वाढलं, पण त्याला कामाचे परागकण येईनात. मायटोकॉन्ड्रियाशी निगडित हाच दोष वापरून संकरित बियाणं करता येतं. १९६४ साली भारतात आलेली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी अशीच. आपण जिला 'हायब्रीड' म्हणतो आणि जिची भाकरी कित्येक घरांनी खाल्ली, तिच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

उलट दिशेनेही निरोप जातो. मायटोकॉन्ड्रियाचं काम अडलं की पेशीतल्या एका पडद्याला बांधून ठेवलेलं एक प्रथिन सुटतं, केंद्रकात जातं आणि मदतीची जनुकं चालू करतं. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर काम करणाऱ्यांनी हे २०१३ साली दाखवलं.

आणि जास्त झाले तर? वनस्पतीच्या पेशींची साखर तोडली की काही काळाने त्या आपलेच काही मायटोकॉन्ड्रिया मोडून वापरून टाकतात. पेशी ही काटकसरी गृहिणीसारखी आहे. रिकामी चूल ती पेटवून ठेवत नाही.

माणसाचं काय?

मटकीवरून माणसाचा इलाज ठरत नाही, हे आधी स्पष्ट करतो. आपल्या स्नायूंत या कामाचा एक मोठा मुकादम म्हणजे १९९८ साली सापडलेलं पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन. ते झाडांत नाही. तारा वेगळ्या आहेत. पण मागणी असेल तरच बांधकाम, हा नियम आपल्याकडेही दिसतो, आणि त्याचा पुरावा स्वतंत्रपणे मिळालेला आहे.

१९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली. त्याच सुमारास, १९६६ साली, डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं गेलं. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घटवली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. यात हृदयाचा वाटा मोठा होता, पण पडून राहिल्याने स्नायू आणि त्यांतले मायटोकॉन्ड्रियाही कमी होतात.

ते तरुण विशीतले होते. मी ७८ वर्षांच्या बाईला सहा आठवडे झोपवलं होतं. सामान भरपूर पोहोचवत होतो, पण मागणीच बंद करून टाकली होती.

दुसऱ्या दिवसापासून आईला उठवायला लागलो. आधी पलंगाच्या कडेला बसणं, मग धरून खुर्चीतून पाच वेळा उठबस. मग ओट्यापाशी उभं राहून मटकी उपसणं, हे तिने स्वतःच ठरवलं. चार महिन्यांनी ती कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत एकटी जायला लागली. पण गच्चीचा जिना तिला पुन्हा जमला नाही. आजारापूर्वी उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला ती स्वतः वर जायची. आता खालूनच सूचना देते. ती म्हणते, वय झालं. माझा हिशोब वेगळा आहे, आणि त्यातले सहा आठवडे माझ्या नावावर आहेत.

मग अशक्तपणा आला तर काय करायचं?

आधी कारण शोधा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर पेशींना प्राणवायूच कमी पोहोचतो, म्हणजे मटकी पुन्हा बंद डब्यात. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, छातीत दुखणं, धाप, पायांवर सूज, चक्कर यांपैकी काही असेल तर व्यायाम नंतर, डॉक्टर आधी.

जेवणात डाळ, उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडी असू द्या. सामान लागतंच.

मग डॉक्टरांना विचारून हालचाल सुरू करा, आणि तीही पायरीपायरीने. दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून पाच वेळा उठबस. घरातल्या घरात पाच मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटत असेल तरच दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढवा, नाहीतर थोडं कमी करा. घरात वयस्कर माणूस आजारातून उठत असेल तर त्याच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जणांना व्हायरल आजारानंतर थोड्याशा श्रमानेही पुढचे एक-दोन दिवस अंथरूण धरावं लागतं. त्यांनी जिद्दीने व्यायाम वाढवू नये, त्याने त्रास वाढतो. त्यांचा मार्ग वेगळा आहे, तो डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा.

आणि पावडर? पडून राहिलेल्या माणसाला नुसत्या पावडरने ताकद आली, असं मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेलं नाही. आईला मी काय कमी पाजली होती?

काकांचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. त्याचं कारण शोधणं चालू आहे, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि सध्या घरातच सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं चालायला सांगितलं आहे. डबा उघडलेला नव्हता, तो परत करता येतो का ते मुलगा बघतोय. जाताना काकांनी विचारलं, "डॉक्टर, मटकी फडक्यात किती तास बांधायची?"

मी म्हटलं, आईला विचारून सांगतो.